आहारातील मेदाम्ले आणि पेशीतील विकर-संदेशवहन : करडई-जवसाच्या पट्ट्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
आहारातील स्निग्ध पदार्थ हे केवळ ऊर्जेचे साठे नसून त्यांतील मेदाम्ले पेशीच्या आत चालणाऱ्या विकरांच्या संदेशवहनावर प्रत्यक्ष परिणाम करतात. पेशीपटलाची घडण, फॉस्फोलिपेज व सायक्लोऑक्सिजनेज या विकरांना मिळणारा कच्चा माल, प्रोटीन कायनेज सी या विकरकुलाचे उद्दीपन आणि ग्राही प्रथिनांद्वारे होणारे जनुकनियमन, अशा चार मार्गांनी हा परिणाम घडतो. प्रस्तुत लेखात या मार्गांचे विवेचन करून परंडा व परिसरातील करडई, शेंगदाणा व जवस यांवर आधारलेल्या आहाराच्या संदर्भात त्यांचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. पुणे येथील लोकसमूहावर झालेले जनुकीय संशोधन आणि करडई तेलाविषयीचा सिडनी येथील प्रयोग यांचाही परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : मेदाम्ले, विकर, संदेशवहन, प्रोटीन कायनेज सी, लिनोलेइक आम्ल, करडई, जवस.

प्रस्तावना :
धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील परंडा तालुका हा सीना नदीच्या खोऱ्यातील, अवर्षणप्रवण पट्ट्यातील तालुका आहे. रब्बी ज्वारी हे या भागाचे परंपरागत अन्नपीक आणि करडई हे तिचे सोबती पीक. ज्वारीच्या काही ओळींनंतर करडईची एक ओळ पेरणे, तसेच काटेरी करडई धुऱ्याच्या बाजूने पेरून जनावरांपासून ज्वारीचे रक्षण करणे, ही येथील शेतकऱ्याची जुनी रीत होय. कोवळ्या करडईची भाजी, घाण्यावर गाळलेले करडईचे तेल, शेंगदाण्याची चटणी, कारळे व जवस यांची कोरडी चटणी आणि ज्वारीची भाकरी हा येथील आहाराचा कणा होता. गेल्या काही दशकांत या चित्रात मोठा बदल झाला. सिंचनाची सोय झाली तेथे ऊस आला, खरिपात सोयाबीन आले आणि किराणा दुकानातून सोयाबीन, सूर्यफूल व पाम यांची शुद्धीकृत तेले घरोघरी पोहोचली. गावातील घाणे बंद पडत गेले आणि जवसाचे पीक शेताच्या कडेवरूनही दिसेनासे झाले.

या बदलाचा विचार सामान्यतः अर्थशास्त्राच्या वा कृषिशास्त्राच्या अंगाने केला जातो. मात्र तेल बदलले की पेशीत पोहोचणारी मेदाम्ले बदलतात आणि मेदाम्ले बदलली की विकरांना मिळणारे संदेशही बदलू शकतात. हा जीवरासायनिक पैलू विज्ञानेतर शाखांच्या अध्यापकांपर्यंत क्वचितच पोहोचतो. ‘कोणते तेल खावे?’ हा प्रश्न मात्र प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा जाहिरातीतून मिळते. ते उत्तर पारखून घेण्यासाठी पेशीच्या आत काय घडते हे समजून घेणे आवश्यक आहे.

१. मेदाम्लांचे स्वरूप :
मेदाम्ल म्हणजे कर्ब अणूंची लांब साखळी असून तिच्या एका टोकाला आम्लगट असतो. साखळीत एकही द्विबंध नसल्यास ते संतृप्त, एक असल्यास एक-असंतृप्त आणि अनेक असल्यास बहु-असंतृप्त मेदाम्ल होय. पाम तेलातील पामिटिक आम्ल हे संतृप्त, शेंगदाणा तेलातील ओलेइक आम्ल हे एक-असंतृप्त, तर करडईतील लिनोलेइक आम्ल व जवसातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल ही बहु-असंतृप्त मेदाम्ले आहेत. बहु-असंतृप्त मेदाम्लांत आम्लगटाच्या विरुद्ध टोकापासून मोजता पहिला द्विबंध सहाव्या कर्बावर असेल तर ओमेगा-६ आणि तिसऱ्या कर्बावर असेल तर ओमेगा-३ असे वर्गीकरण केले जाते. लिनोलेइक आम्ल ओमेगा-६ कुलातील, तर अल्फा-लिनोलेनिक आम्ल ओमेगा-३ कुलातील आहे.

ही दोन मेदाम्ले मानवी शरीर स्वतः तयार करू शकत नाही. मेदाम्ले आहारात अत्यावश्यक असू शकतात ही गोष्ट अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये दाखवून दिली. मेदविरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची वाढ खुंटली व त्यांची कातडी खवलेदार झाली. पुढच्याच वर्षी लिनोलेइक आम्लाने ही लक्षणे दूर होतात हे त्यांनी सिद्ध केले. तोपर्यंत स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ उष्मांकांचा पुरवठा अशी समजूत होती.

आपल्या भागात वापरल्या जाणाऱ्या तेलांतील मेदाम्लांचे स्थूल प्रमाण पुढील तक्त्यात दिले आहे. वाण, हवामान व जमीन यांनुसार त्यात काही फरक पडतो.

तक्ता क्र. १ : तेलांतील मेदाम्लांचे सुमारे शेकडा प्रमाण
करडई – संतृप्त १०, ओलेइक १४, लिनोलेइक ७५, अल्फा-लिनोलेनिक नगण्य
सूर्यफूल – संतृप्त ११, ओलेइक २५, लिनोलेइक ६०, अल्फा-लिनोलेनिक नगण्य
शेंगदाणा – संतृप्त १९, ओलेइक ४७, लिनोलेइक ३०, अल्फा-लिनोलेनिक नगण्य
सोयाबीन – संतृप्त १५, ओलेइक २३, लिनोलेइक ५३, अल्फा-लिनोलेनिक ७
पाम – संतृप्त ५०, ओलेइक ४०, लिनोलेइक १०, अल्फा-लिनोलेनिक अत्यल्प
जवस – संतृप्त १०, ओलेइक २०, लिनोलेइक १५, अल्फा-लिनोलेनिक ५३

तक्त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पारंपरिक करडई तेल हे लिनोलेइक आम्लाचा अत्यंत समृद्ध स्रोत आहे. आणि ओमेगा-३ चा भरघोस वनस्पतिजन्य स्रोत म्हणून या यादीत एकटे जवसच उरते.

२. विकर-संदेशवहन म्हणजे काय? :
पेशीतील बहुतेक रासायनिक क्रिया विकरांच्या साहाय्याने घडतात. मात्र सर्व विकर सर्वकाळ कार्यरत राहिले तर पेशीचा कारभार चालणार नाही. कोणते विकर केव्हा चालू व केव्हा बंद व्हावे याचे नियंत्रण आवश्यक असते. या नियंत्रणाची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे फॉस्फरीकरण. कायनेज या वर्गातील विकर दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा गट बसवतात, तर फॉस्फेटेज वर्गातील विकर तो काढून घेतात. फॉस्फेट बसला की प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि त्यासोबत त्याची कार्यक्षमताही बदलते. या शोधाबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

शेतकऱ्याच्या विहिरीवरील पंप स्टार्टरने चालू होतो. बोटाने दाबलेल्या छोट्या बटनाची शक्ती अल्प असते, पण तिच्यामुळे अनेक अश्वशक्तीची मोटार फिरू लागते. पेशीतील संदेशवहन याच प्रकारचे आहे. पेशीबाहेरून आलेल्या संप्रेरकाचे काही रेणू पटलावरील ग्राही प्रथिनाला चिकटतात, त्यातून पेशीच्या आत दुय्यम संदेशवाहक निर्माण होतात आणि ते कायनेजांची साखळी कार्यान्वित करतात. अर्ल सदरलंड यांनी शोधलेला चक्रीय एएमपी हा अशा संदेशवाहकांपैकी पहिला. त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर आढळलेल्या संदेशवाहकांपैकी काही थेट मेदजन्य आहेत. आहाराचा आणि संदेशवहनाचा संबंध येथे जुळतो.

३. मेदाम्लांच्या प्रभावाचे चार मार्ग :

(अ) पेशीपटलाची घडण – पेशीपटल हे फॉस्फोलिपिड रेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असते आणि प्रत्येक फॉस्फोलिपिडमध्ये साधारणतः दोन मेदाम्ले असतात. संतृप्त मेदाम्लांच्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटतात, तर असंतृप्त मेदाम्लांच्या वाकड्या साखळ्यांमुळे पटल अधिक प्रवाही राहते. कोलेस्टेरॉल व संतृप्त मेदयुक्त अशा घट्ट भागांत अनेक संदेशवाहक प्रथिने एकत्र येतात. काही प्रथिनांना तर पामिटिक वा मिरिस्टिक आम्लाचा रेणू जोडला गेल्याशिवाय पटलावर जागाच मिळत नाही. ओमेगा-३ मेदाम्लांनी पटलाची घडण बदलली की टी-लसीकापेशींमध्ये प्रोटीन कायनेज सी-थीटा या विकराचे अशा भागांत जाणे कमी होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. विकर तेच आणि त्याचे प्रमाणही तेच. केवळ त्याची बैठक बदलल्याने संदेश मंदावतो.

(आ) फॉस्फोलिपेज आणि त्यापुढील विकर – पेशीला इजा झाली वा संप्रेरकाचा संदेश आला की फॉस्फोलिपेज ए-२ हे विकर पटलातून अरॅकिडोनिक आम्ल मोकळे करते. हे २० कर्बांचे ओमेगा-६ मेदाम्ल शरीरात लिनोलेइक आम्लापासून तयार होते. सायक्लोऑक्सिजनेज विकर त्याचे रूपांतर प्रोस्टाग्लँडिन व थ्रॉम्बॉक्झेन यांत करते, तर लिपॉक्सिजनेज विकर ल्युकोट्राइन तयार करते. दाह, वेदना, ज्वर व रक्त गोठणे या क्रियांचे हे संदेशवाहक होत. ॲस्पिरिन हे सायक्लोऑक्सिजनेजची ही निर्मिती रोखते, असे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. सुने बर्गस्ट्रोम व बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्यासह त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ओमेगा-३ कुलातील ईपीए हे मेदाम्ल याच विकरांच्या जागेसाठी अरॅकिडोनिक आम्लाशी स्पर्धा करते. त्यापासून तयार होणारे पदार्थ सामान्यतः कमी तीव्रतेचे असतात आणि काही तर दाह शमविण्यास मदत करतात.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ओमेगा-६ म्हणजे दाहकारक व ओमेगा-३ म्हणजे दाहशामक अशी सरळ विभागणी शास्त्राला मान्य नाही. अरॅकिडोनिक आम्लापासून लिपॉक्सिन हे दाहशामक पदार्थही तयार होतात, आणि दाह ही मुळात शरीराची संरक्षक क्रिया आहे.

(इ) प्रोटीन कायनेज सी – जपानी शास्त्रज्ञ यासुतोमी निशिझुका यांच्या प्रयोगशाळेने १९७७ मध्ये या विकराचे वर्णन केले. पटलातील फॉस्फोइनोसिटाइड या मेदाचे फॉस्फोलिपेज सी विकराने विभाजन झाले की डायॲसिलग्लिसरॉल हा मेदजन्य संदेशवाहक निर्माण होतो आणि तो या कायनेजला पटलाशी आणून कार्यान्वित करतो. हे एकच विकर नसून सुमारे दहा विकरांचे कुल आहे. त्याचे तीन गट पडतात : कॅल्शियम व डायॲसिलग्लिसरॉल ही दोन्ही लागणारे पारंपरिक गट, केवळ डायॲसिलग्लिसरॉल लागणारे नवीन गट आणि या दोहोंवर अवलंबून नसलेले भिन्न गट.

डायॲसिलग्लिसरॉलच्या रेणूत दोन मेदाम्ले असतात. ती कोणती आहेत यावर त्याची विकर चेतविण्याची क्षमता काही अंशी अवलंबून असते. असंतृप्त मेदाम्लयुक्त रेणू अधिक प्रभावी ठरतात. याहून लक्षणीय बाब म्हणजे अरॅकिडोनिक, लिनोलेइक व ओलेइक ही असंतृप्त मेदाम्ले मुक्त अवस्थेतही या विकराला थेट चेतवू शकतात, असे १९८४ ते १९८६ या काळातील परीक्षानळीतील प्रयोगांत आढळले. संतृप्त मेदाम्लांत ही क्षमता दिसली नाही. परीक्षानळीतील मात्रा व जिवंत पेशीतील मात्रा यांत अंतर असते हे मान्य करूनही, आहारातील रेणू स्वतःच संदेशवाहक असू शकतो ही कल्पना त्यातून पुढे आली.

(ई) ग्राही प्रथिने व जनुके – १९९० मध्ये पीपीएआर हे ग्राही प्रथिन सापडले. पेशीकेंद्रातील हे प्रथिन मेदाम्लांशी बद्ध होऊन मेदाच्या ज्वलनाशी व साठवणुकीशी संबंधित जनुके चालू करते. म्हणजे मेदाम्ल येथे विकराला चालू-बंद न करता विकराची निर्मितीच कमी-अधिक करते. २००३ मध्ये स्वादुपिंडातील बीटा पेशींच्या पटलावर जीपीआर-४० हे मेदाम्लांचे ग्राही आढळले. ते इन्शुलिनच्या स्रवणाला चालना देते. २००५ मध्ये जीपीआर-१२० या ग्राहीची ओळख पटली आणि २०१० मध्ये ओमेगा-३ मेदाम्ले त्याच्याद्वारे श्वेतपेशींतील दाहाचा संदेश रोखतात हे उंदरांवरील प्रयोगांतून मांडले गेले.

४. इन्शुलिनचा संदेश आणि मेदाचा अडथळा :
वरील मार्गांचा व्यावहारिक अर्थ मधुमेहाच्या संदर्भात विशेष स्पष्ट होतो. इन्शुलिन स्नायुपेशीवरील ग्राहीला चिकटले की ग्राहीचा विकरभाग चेततो, आयआरएस हे प्रथिन फॉस्फरीकृत होते, पुढे पीआय-३ कायनेज व एकेटी कायनेज कार्यान्वित होतात आणि अखेरीस ग्लुकोज वाहून नेणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. स्नायू व यकृत यांच्या पेशींत गरजेपेक्षा अधिक मेदाम्ले शिरली आणि त्यांचे ज्वलन वा सुरक्षित साठवण झाली नाही, तर डायॲसिलग्लिसरॉल साचते. ते स्नायूत प्रोटीन कायनेज सी-थीटा आणि यकृतात प्रोटीन कायनेज सी-एप्सिलॉन यांना चेतवते. हे कायनेज इन्शुलिनच्या साखळीतील प्रथिनांवर चुकीच्या जागी फॉस्फेट बसवतात आणि संदेश पुढे सरकत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने ही मांडणी विस्ताराने केली आहे. पामिटिक आम्लापासून तयार होणारे सिरॅमाइड हे एकेटी कायनेजला अडवते, हा दुसरा मार्गही सांगितला जातो.

मेदाम्लाचा प्रकार येथेही महत्त्वाचा ठरतो. पामिटिक आम्लाने पेशींना होणारी इजा सोबत ओलेइक आम्ल दिल्यास टळते, असे २००३ मधील एका पेशीसंवर्धन प्रयोगात दिसून आले; कारण ओलेइक आम्लाच्या सान्निध्यात पामिटिक आम्ल निरुपद्रवी ट्रायग्लिसराइडच्या थेंबांत साठविले जाते. मात्र साठा हा स्वतः दोषी नाही. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंतही मेदाचा साठा भरपूर असतो आणि तरीही त्यांची इन्शुलिन-संवेदनक्षमता उत्तम असते. साठलेला मेद रोज वापरला जातो की पडून राहतो, हा कळीचा प्रश्न आहे. ज्वारीच्या काढणीला दिवसभर राबणारा मजूर आणि खुर्चीत बसून काम करणारा अध्यापक यांनी सारखेच तेल खाल्ले तरी त्यांच्या पेशींतील परिणाम सारखे नसतात, याचे स्पष्टीकरण येथे मिळते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय अधिक गंभीर आहे. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकारी यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास चालविला. या अभ्यासातील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. वजन, स्नायू व अवयव यांत पुण्याची बालके मागे असली तरी त्वचेखालील मेद मात्र त्यांनी तुलनेने राखलेला होता. दिसायला कृश परंतु मेदाने स्थूल, असे हे शरीर होय. स्नायूचे वस्तुमान कमी म्हणजे मेदाम्ले जाळण्याची जागा कमी. अशा शरीरात मेदजन्य संदेशांचा तोल लवकर ढळणे संभवते.

५. पुण्यातील जनुक आणि विकरांची स्पर्धा :
लिनोलेइक आम्लापासून अरॅकिडोनिक आम्ल आणि अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून ईपीए व डीएचए तयार करणारे विकर एकच आहेत. डिसॅच्युरेज हे विकर द्विबंध वाढवतात व इलाँगेज हे साखळी लांबवतात. दोन्ही कुले एकाच दारातून जात असल्याने आहारात लिनोलेइक आम्लाची गर्दी झाली की ओमेगा-३ कुलाला वाट मिळणे कठीण होते. मुळात अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे ईपीएमध्ये होणारे रूपांतर शेकडा काही अंशांइतके आणि डीएचएमध्ये होणारे त्याहूनही अल्प असते.

या विकरांची जनुके सर्वांमध्ये सारखी नसतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी पुण्यातील प्रामुख्याने शाकाहारी अशा २३४ व्यक्ती आणि अमेरिकेतील ३११ व्यक्ती यांच्या जनुकांचा तुलनात्मक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. फॅड्स-२ या जनुकात २२ घटकांचा एक तुकडा काहींमध्ये असतो, काहींमध्ये नसतो. हा तुकडा आई व वडील दोघांकडून मिळालेल्या व्यक्तींचे प्रमाण पुण्याच्या गटात ६८ टक्के, तर अमेरिकन गटात १८ टक्के आढळले. अशा व्यक्तींमध्ये वनस्पतिजन्य मेदाम्लांपासून अरॅकिडोनिक आम्लासारखी दीर्घ मेदाम्ले तयार करण्याची क्षमता अधिक असते. पिढ्यान्‌पिढ्या मांस-मासे न खाणाऱ्या समाजाला या गुणाचा लाभ झाला असावा आणि म्हणून नैसर्गिक निवडीने तो टिकला, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

भाकरी, डाळ व थेंबभर तेल अशा आहारात जो गुण उपकारक ठरला, तोच गुण तेलाचा मुबलक वापर असलेल्या आजच्या आहारात अडचणीचा ठरू शकतो, अशी शंका संशोधकांनी व्यक्त केली आहे. याच्या विरोधातील पुरावाही नमूद केला पाहिजे. २०११ मधील एका पद्धतशीर आढाव्यानुसार, पाश्चात्त्य आहार घेणाऱ्या प्रौढांत लिनोलेइक आम्ल कमी-अधिक केल्याने रक्तातील अरॅकिडोनिक आम्लाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडत नाही. तथापि २०१९ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या प्रयोगात लिनोलेइक आम्लयुक्त तेलाला मिळणारा दाहनिदर्शक प्रतिसाद फॅड्स-१ जनुकाच्या प्रकारानुसार भिन्न आढळला. म्हणून पाश्चात्त्य सरासरी महाराष्ट्रातील लोकसमूहाला जशीच्या तशी लागू करणे शास्त्रीय दृष्ट्या उचित नाही.

६. करडई तेलाविषयीचा पुरावा :
करडई तेल हृदयाला हितकर ही प्रतिमा आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. लिनोलेइक आम्लाने रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होते हे खरे आहे आणि त्या प्रतिमेचा पायाही तोच आहे. योगायोगाने याच तेलावर एक महत्त्वाचा प्रयोग ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात झाला. हृदयविकाराचा झटका वा तत्सम आजार नुकताच येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला संतृप्त मेदाऐवजी करडईचे तेल व त्यापासून केलेले मार्गारिन देण्यात आले. मूळ माहिती पुन्हा मिळवून २०१३ मध्ये केलेल्या विश्लेषणात करडई गटातील एकूण मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्के, तर तुलनागटातील ११.८ टक्के आढळले. कोलेस्टेरॉल घटूनही मृत्यू घटले नाहीत, उलट वाढले.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. प्रयोग लहान होता, त्यातील सर्व व्यक्ती आधीच रुग्ण होत्या आणि त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स मेदाम्ले असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या बाजूस १३ देशांतील ३० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रक्तात वा मेदपेशींत लिनोलेइक आम्ल अधिक असणाऱ्यांमध्ये हृद्‌रोगाचे प्रमाण कमी दिसले. दोन्ही बाजू विचारात घेता, करडई तेल विषारीही नाही आणि औषधही नाही, असेच म्हणावे लागते. त्याची मात्रा व त्याची सोबत यांवर त्याचे गुणदोष अवलंबून आहेत. ट्रान्स मेदाम्लांबाबत मात्र असा मतभेद नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल-तुपातील त्यांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के व जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली, ती योग्यच होय.

७. परंड्याच्या ताटातील हिशेब :
जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २००८ मधील तज्ज्ञ बैठकीने एकूण उष्मांकांपैकी लिनोलेइक आम्लाचा वाटा २.५ ते ९ टक्के आणि अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा वाटा किमान ०.५ टक्के असावा असे सुचविले. या मोजपट्टीवर एका कुटुंबाचा हिशेब मांडता येतो.

चार प्रौढ व्यक्तींच्या घरात महिन्याला ५ लिटर करडई वा तत्सम तेल लागते असे मानू. ५ लिटर म्हणजे सुमारे ४.६ किलोग्रॅम, म्हणजेच प्रत्येकी रोज सुमारे ३८ ग्रॅम. त्यात लिनोलेइक आम्ल सुमारे २८ ग्रॅम असते आणि २००० उष्मांकांच्या आहारात त्याचा वाटा १२ ते १३ टक्के होतो. ज्वारी, गहू व शेंगदाणे यांतील लिनोलेइक आम्ल यात धरलेलेच नाही. तेल निम्म्यावर आणले, तर हाच वाटा साधारण साडेसहा टक्के होऊन मर्यादेत येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१० च्या शिफारशीनुसारही बैठे काम करणाऱ्या पुरुषाला रोज २५ ग्रॅम व स्त्रीला २० ग्रॅम दृश्य स्निग्ध पदार्थ पुरेसे आहेत.

ओमेगा-३ ची बाजू याहून सोपी आहे. २००० उष्मांकांच्या ०.५ टक्के म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल रोज सुमारे १.१ ग्रॅम. जवसाच्या बियांत ते वजनाच्या सुमारे एक पंचमांश असते. म्हणून ५ ते ६ ग्रॅम जवस, म्हणजे भाकरीसोबत दोन चमचे चटणी, ही गरज भागवू शकते. जवस अख्खे खाल्ल्यास ते न पचताच बाहेर पडते. म्हणून ते भाजून कुटणे श्रेयस्कर. कूट थोडे-थोडे करावे, कारण अल्फा-लिनोलेनिक आम्ल हवेत लवकर खवट होते. याच कारणाने जवसाचे तेल तळणासाठी अयोग्य आहे. आजीच्या पाट्यावरील चटणीने हे सर्व नियम न शिकता पाळलेले होते.

तथापि जवसामुळे डीएचएची गरज पूर्ण भागत नाही हेही सांगणे प्राप्त आहे. गर्भातील मेंदूच्या वाढीसाठी डीएचए महत्त्वाचे असते. पुणे येथील भारती विद्यापीठाच्या आरोग्यविषयक संशोधन संस्थेत साधना जोशी व सहकाऱ्यांनी गर्भवती मातांतील दीर्घ मेदाम्ले, फॉलेट व ब-१२ जीवनसत्त्व यांचा परस्परसंबंध अभ्यासला आहे. मेदाम्लांचा प्रश्न इतर पोषकद्रव्यांपासून सुटा करून सोडविता येत नाही, हे अशा संशोधनातून अधोरेखित होते. मासे खाणाऱ्या कुटुंबांना डीएचए थेट मिळते. शाकाहारी मातांनी याबाबत वैद्यकीय सल्ला घेणे हिताचे.

शेतीच्या अंगानेही मार्ग उपलब्ध आहेत. सोलापूर येथील संशोधन केंद्राचा भीमा आणि परभणी येथील कृषी विद्यापीठाचा परभणी कुसुम हे करडईचे वाण या भागाला परिचित आहेत. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाटेरी करडईवर काम करून काढणीतील काट्यांचा जाच कमी केला. हैदराबाद येथील भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने ओलेइक आम्लाचे प्रमाण अधिक असणारे करडईचे वाण विकसित केले आहेत. म्हणजे पीक तेच, कमी पाण्यावर येणारे. केवळ त्याच्या तेलातील मेदाम्ल निराळे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.
१) आहारातील मेदाम्ले पटलाची घडण, संदेशवाहकांचा कच्चा माल, कायनेजांचे उद्दीपन व जनुकनियमन या चारही पातळ्यांवर विकरांचे कार्य बदलतात.
२) एखादे मेदाम्ल सर्वस्वी चांगले वा वाईट नसते, त्याची मात्रा, सोबतची मेदाम्ले, व्यक्तीचे श्रम व तिची जनुके यांनुसार परिणाम ठरतो.
३) मराठवाड्यातील आहारात लिनोलेइक आम्लाची वाण नाही, वाण आहे ती ओमेगा-३ ची. म्हणून तेलाचा प्रकार बदलण्यापूर्वी तेलाचे प्रमाण कमी करणे, शेंगदाणा व करडई आलटून-पालटून वापरणे आणि जवसाची चटणी ताटात परत आणणे, हा सर्वांत सोपा व स्वस्त उपाय होय.
४) पुण्यातील जनुकीय अभ्यास उद्बोधक असला तरी तो एका शहरातील मर्यादित गटाचा आहे. करडई-ज्वारीच्या पट्ट्यातील ग्रामीण लोकसमूहाचा असा अभ्यास होणे गरजेचे आहे. तेलाच्या वापराच्या घरोघरच्या नोंदी घेण्याचे प्राथमिक काम ग्रामीण महाविद्यालयांतील रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, गृहविज्ञान व अर्थशास्त्र हे विभाग एकत्र येऊन विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सहज करू शकतात.

बंद पडलेला घाणा पुन्हा सुरू होईल की नाही, हे बाजारपेठ ठरवील. मात्र घरात येणाऱ्या तेलाच्या डब्यातून पेशीतील विकरांपर्यंत कोणता संदेश पोहोचतो, हे विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे अध्यापकांच्या हाती आहे.